बधिर हाताची वेदना

कुष्ठरोगाविषयी कोणत्याही सुशिक्षित माणसास विचारले, तर एक गोष्ट तो निश्चितपणे सांगतो: ह्या रोगात अंगाची संवेदना नाहीशी होते. टाचणी टोचली तरी कळत नाही, चुलीवरचे भांडे उतरवताना बोटे पोळली तरी समजत नाही, पायात काटा मोडून जखम चिघळली तरी रोगी त्याच पायावर चालत राहतो. ही माहिती खरी आहे, परंतु ती अर्धीच आहे. जो मज्जातंतू अखेर मुका होतो, तो मुका होण्यापूर्वी पुष्कळदा आकांत करतो; आणि कित्येकांच्या बाबतीत मुका झाल्यावरही त्याचे रडणे थांबत नाही. ज्या बोटांना निखारा कळत नाही, त्याच बोटांत रात्रभर आग होत राहते. हा विरोधाभास वैद्यकाला पुरता उमगण्यास फार काळ लागला, आणि तेवढ्या काळात असंख्य माणसांचे हात निकामी झाले.

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, डोणगाव नावाचे गाव आहे. तेथून अमरावती दूर, आणि वर्धा त्याहून दूर. अशा गावच्या दृष्टीने विचार केला म्हणजे ह्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. निंदण, खुरपण, कापसाची वेचणी ही सारी बोटांची कामे आहेत. बोंडातून कापूस काढणारी बोटे वाकडी झाली, की मजुरी बुडाली. आणि बोटे वाकडी झाल्याचे शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडले, की माणूसही बुडाला. अशा रोग्याला बधिर चट्ट्याची फारशी फिकीर नसते, कारण चट्टा दुखत नाही. त्याला दवाखान्याची वाट धरावयास लावतो तो कोपरातला ठणका. म्हणून कुष्ठरोगाच्या उपचारांचा इतिहास हा एका परीने मज्जातंतूंच्या वेदनेचा इतिहास आहे. आणि ती वेदना शमविण्यासाठी जी जी औषधे आली, त्यांनी आपापली किंमत कशी वसूल केली, त्याचाही तो इतिहास आहे.

ही वेदना उद्भवते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. ह्या रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेमधील डॉक्टर आर्माउर हान्सेन ह्यांनी ओळखला. ह्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. त्यामुळे त्वचा, नाक आणि त्वचेच्या अगदी जवळून जाणारे मज्जातंतू ही त्याची आवडती ठाणी आहेत. कोपराच्या मागे, आतल्या अंगाने, हाडाला लागून एक शीर जाते. तिला अवचित धक्का बसला तर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकाला आहे. तो मज्जातंतू, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारा, घोट्याच्या आतून तळपायाकडे उतरणारा आणि चेहऱ्याचा, असे काही मोजके तंतू ह्या रोगात प्रामुख्याने सापडतात. तंतूभोवती एक घट्ट वेष्टन असते. जंतूंशी लढताना शरीर जी सूज निर्माण करते, तिला पसरावयास त्या वेष्टनात जागा नसते; आणि जेथे तंतू हाडाच्या खोबणीतून जातो तेथे तर तो दोहींकडून आवळला जातो. ठणका सुरू होतो तो तेव्हा. त्या अवस्थेत काही दिवसांत वा आठवड्यांत सूज उतरली नाही, तर कोपराच्या तंतूवर अवलंबून असलेली करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वळते, गुडघ्याच्या तंतूवर अवलंबून असलेले पाऊल लोंबू लागते, आणि चेहऱ्याचा तंतू गेला तर पापणी मिटेनाशी होऊन डोळा धोक्यात येतो. कधी कधी हा नाश मुळीच न दुखता, निमूटपणेही होतो. त्यामुळे जाणत्या दवाखान्यात रोग्याचे स्नायू व स्पर्श वरचेवर तपासून पाहण्याची पद्धत पडली आहे.

प्राचीन वैद्यांना जंतू ठाऊक नव्हता, परंतु कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेला येणारी सुप्तता त्यांनी नोंदविली होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नामक वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, आणि हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या प्रदेशात होतात असेही तेथे म्हटले आहे. हा तुवरक म्हणजे कोकणात व सह्याद्रीच्या रानात आढळणारे कडू कवठ, असे सामान्यतः मानण्यात येते. हे तेल प्याल्यावर वांती व रेच होतात, ही गोष्ट ग्रंथकाराने लपवून ठेवलेली नाही. किंबहुना दोष बाहेर पडण्याचा तो मार्गच आहे असे त्याने मानले, आणि त्याबरोबर कडक पथ्य सांगितले. औषधाचा गुण आणि औषधाचा त्रास ह्यांचा विचार एकाच ठिकाणी करावयाचा, मात्रा व पथ्य ह्यांवाचून औषध द्यावयाचे नाही, ही दृष्टी त्यात आहे. पुढील कथेत ती वारंवार हरवली आणि वारंवार पुन्हा शोधावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत कुष्ठरोग्यांचा प्रश्न उभा राहिला तो मात्र औषधाच्या बाजूने नव्हे, तर रस्त्यांच्या बाजूने. शहरात भीक मागत फिरणाऱ्या निराश्रित रोग्यांसाठी १८९० साली माटुंग्यास एक आश्रयस्थान उघडण्यात आले. त्यामागे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ ह्यांचा पुढाकार होता. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साह्याने १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. गावोगावच्या गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवून ते जतन करणाऱ्या ह्या गृहस्थाने उभारलेले आश्रयस्थान आज वडाळ्यास महानगरपालिकेचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून उभे आहे. आरंभीच्या त्या काळात तेथे निवारा, अन्न व मलमपट्टी मिळे. रोग बरा करील असे खात्रीचे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने जो कायदा केला, त्याचाही रोख निराश्रित रोग्यांना आश्रमात ठेवण्यावर होता. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

त्या काळात पाश्चात्य वैद्यकानेही देशी तेलाचाच आधार घेतला होता. तुवरकाच्याच कुळातील चौलमोगऱ्याच्या तेलाकडे कलकत्त्याचे डॉक्टर फ्रेडरिक मोआट ह्यांनी १८५४ साली युरोपीय डॉक्टरांचे लक्ष वेधले. तेल पोटात घ्यावे तर मळमळ व वांती इतकी होई की पुष्कळ रोगी ते सोडून देत. टोचून घ्यावे तर ते दाट, अंगात न जिरणारे. टोचल्या जागी गाठी होत, गळवे होत, ताप येई. १९१५ च्या सुमारास हवाई बेटातील ॲलिस बॉल ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने तेलातील द्रव्य टोचण्याजोगे सौम्य करण्याची रीत शोधून काढली. दुर्दैवाने १९१६ साली, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी ती निवर्तली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स ह्यांनीही त्याच दिशेने प्रयत्न केले. ह्यानंतर कित्येक वर्षे कुष्ठधामांतून सुया टोचण्याचा क्रम चालला. चट्ट्यावर जागोजाग, त्वचेच्या आत, थोडे थोडे तेल सोडावयाचे, आणि हा प्रकार आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे करावयाचा. रोगाने जेथे वेदना नेली होती तेथे उपचाराने ती परत आणली, असेच त्या काळचे वर्णन करावे लागेल. काहींना गुण आला. परंतु तंतू सुजून ठणकू लागला, तर ह्या तेलाजवळ त्याला उत्तर नव्हते.

विदर्भात ह्याच काळात एक निराळी परंपरा उदयास आली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेचे कार्य सुरू केले. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्री ह्या विद्वान संस्कृत पंडितांना आश्रमात ठेवून घेतले आणि ते स्वतः आपल्या हातांनी त्यांना मालीश करीत. त्या दृश्याचे छायाचित्र देशभर पोचले आणि स्पर्शाची भीती कमी करण्यास त्याचे पुष्कळ साह्य झाले. त्याचा दुसराही एक अर्थ आहे. जो रोग्याच्या हातापायाला रोज हात लावतो, त्याला कोणती शीर आज जाड झाली आहे आणि कोठे दाबले असता रोगी दचकतो, हे आपोआप कळू लागते. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. बाबा आमटे ह्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात ह्या रोगाचे शिक्षण घेतले आणि १९५१ साली वरोड्याजवळ आनंदवन वसविले. त्या काळी डोणगावसारख्या गावच्या रोग्यासमोर हीच दारे होती. एवढा पल्ला गाठून जो जाई, तो बहुधा बोटे वाकडी झाल्यावरच जाई.

नेमके ह्याच वेळी औषधाचे युग पालटले. अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील कार्व्हिल येथे डॉक्टर गाय फॅगेट ह्यांनी १९४१ साली प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध शिरेतून देऊन पाहिले, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरू लागल्या. ह्या वर्गातील मूळ द्रव्य म्हणजे डॅप्सोन. ते जर्मनीत १९०८ सालीच तयार झाले होते, पण त्याचा हा उपयोग कोणास सुचला नव्हता. ते विषारी आहे अशी धास्ती होती. मद्रास इलाख्यातील चिंगलपेट येथे डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन ह्यांनी १९४६ साली ते अल्प प्रमाणात टोचून वापरले. प्रमाण योग्य राखले तर तेच विष औषध होते, हे सिद्ध झाले. लवकरच ते गोळीच्या रूपाने आणि अगदी अल्प किंमतीत मिळू लागले. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना १९५१ सालची. डॉक्टर वर्देकर ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या संस्थेने आश्रमाची पद्धत बाजूस ठेवली. रोगी येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन रोग शोधावयाचा, लोकांना शिकवावयाचे आणि रोग्याला त्याच्या घरीच औषध द्यावयाचे, असा क्रम तिने सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत घालून दिला. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सामान्यतः हीच वाट धरली.

डॅप्सोनची किंमतही हळूहळू उघड झाली. काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होई. काही थोड्यांना, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, ताप, अंगभर पुरळ व काविळीची लक्षणे दिसत. ही अवस्था प्राणावरही बेते. क्वचित प्रसंगी हे औषध स्वतःच मज्जातंतूंना अपाय करी. तथापि ह्या सर्वांपेक्षा मोठे कोडे निराळेच होते. उपचार नीट चालू असताना, जंतू मरत असताना, रोगी बरा होत आहे असे सर्वांना वाटत असताना, अकस्मात चट्टे लाल होऊन फुगत, ताप भरे, आणि कोपरात, घोट्यात वा मानेत असा ठणका सुरू होई की रात्रीची झोप उडावी. दवाखान्यांतून ह्याला रिॲक्शन म्हणजे प्रतिक्रिया असे नाव आहे. मेलेल्या वा मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराच्या संरक्षक शक्तीने केलेला हा हल्ला असतो, आणि त्यात तंतू सापडतो. उपचारापूर्वी, उपचार चालू असताना आणि उपचार संपल्यावरही हा प्रकार घडू शकतो.

रोग्याने ह्या घटनेचा लावलेला अर्थ अगदी सरळ होता. गोळी सुरू केली, आणि दुखू लागले. तेव्हा गोळी बाधली. खेड्यात औषध उष्ण पडले असे म्हणतात, तेच येथेही झाले. त्याने गोळी बंद केली. त्याचे तर्कशास्त्र चुकीचे म्हणता येणार नाही, कारण ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्या क्रमानेच त्याने त्या जोडल्या. परंतु त्याचा परिणाम दुहेरी झाला. औषध थांबल्यामुळे जंतूंना पुन्हा डोके वर काढावयास सवड मिळाली. आणि दवाखान्यात जाणेच सोडल्यामुळे तंतूची सूज उतरविणारा उपाय मिळाला नाही. कित्येक हात ह्या एका गैरसमजापायी निकामी झाले. प्रतिक्रिया येईल, ती आली तर गोळी न सोडता त्याच दिवशी यावयाचे, हे दोन शब्द पहिल्या गोळीबरोबर सांगितले गेले असते, तर त्यांतले पुष्कळ हात वाचते.

सूज उतरविणारा तो उपाय १९४८-४९ साली अमेरिकेत संधिवातावर प्रथम वापरल्या गेलेल्या कॉर्टिसोनच्या रूपाने वैद्यकाच्या हाती आला, आणि पुढे त्याच कुळातील प्रेडनिसोलोन हे कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेवरचे मुख्य औषध ठरले. रोज सुमारे ४० मिलिग्रॅमने आरंभ करून ते सुमारे १२ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवीत न्यावयाचे, ही रीत रूढ झाली. तंतूचे काम थांबून सहा महिन्यांपेक्षा कमी काळ लोटला असेल, तर गेलेली शक्ती पुष्कळ अंशी परत येण्याचा संभव असतो. अधिक काळ गेला तर आशा मंदावते. ठणका तर कित्येकदा थोड्याच दिवसांत शमतो. इतके गुणकारी औषध हाती आल्यावर मोह पडावयाचाच. चेहरा गोल व सुजल्यासारखा होणे, पोटात व्रण होणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरणे, दबलेला क्षय उफाळणे, ही ह्या औषधाची किंमत आहे. आणि ज्याला ते काही आठवडे दिले आहे, त्याचे शरीर स्वतःचे तत्सम द्रव्य करावयाचे थांबते. त्यामुळे गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरते. डॅप्सोन भीतीने सोडणारा रोगी आणि प्रेडनिसोलोन बरे वाटते म्हणून मनानेच चालू ठेवणारा रोगी, दोघेही हिशेबाला सारखेच चुकले.

ह्या हिशेबाचा सर्वांत दारुण धडा थॅलिडोमाइडने दिला. हे झोपेचे औषध १९५७ साली जर्मनीत विक्रीस आले. ते अगदी निर्धोक आहे अशी जाहिरात होती. १९६० च्या अखेरीस एका स्कॉटिश डॉक्टराने, ह्या औषधाने हातापायांच्या मज्जातंतूंना अपाय होऊन मुंग्या व जळजळ होते, असे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कळविले. पुढच्याच वर्षी त्याहून भयंकर गोष्ट उघडकीस आली. गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या ह्या गोळ्यांमुळे हजारो मुले हातपाय खुंटलेली जन्मली होती. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये औषध बाजारातून काढून घेण्यात आले. आणि तरीही १९६४ साली यरुशलेममधील डॉक्टर याकोब शेस्किन ह्यांनी प्रतिक्रियेने तळमळणाऱ्या एका कुष्ठरोग्याला निव्वळ झोप यावी म्हणून शिल्लक राहिलेल्या ह्या गोळ्या दिल्या, तो त्याची झोप तर लागलीच, पण ताप, गाठी व वेदना हीही थोड्याच अवधीत ओसरली. लाल दुखऱ्या गाठी उठविणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या प्रतिक्रियेवर आज हे औषध कडक निर्बंधाखाली वापरले जाते. तंतूच्या वेदनेवर ज्याचा एवढा गुण, त्याच औषधाने तंतूला इजा होऊ शकते, आणि पोटातील जिवाला तर खचितच होते. औषध चांगले की वाईट, असा प्रश्न विचारणाऱ्याला थॅलिडोमाइडजवळ उत्तर नाही. कोणाला, कशासाठी, किती, आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढेच त्याच्याविषयी विचारता येते.

दरम्यान एकट्या डॅप्सोनला न जुमानणारे जंतू निपजू लागले होते, हे १९६४ साली सिद्ध झाले. त्यावर तोड म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमीन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात ही पद्धत आरंभी ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वर्धा जिल्हा होता. १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचे ध्येय नियंत्रणाऐवजी निर्मूलन असे ठरले. जे औषध पूर्वी काहींना जन्मभर घ्यावे लागे, ते आता रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत संपते, आणि सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. ह्यातील क्लोफाझिमीन प्रतिक्रियेची तीव्रताही कमी करते. परंतु ते अंगाला तांबूस-काळपट रंग चढवते. औषध थांबल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. वैद्याच्या दृष्टीने हा क्षुल्लक दोष आहे. ज्या मुलीला आपला आजार सासरी कळू द्यावयाचा नाही, तिच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही. चेहऱ्याचा रंगच तिचे गुपित फोडतो. रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. त्यात धोका काहीच नाही, पण आधी कल्पना नसली तर माणूस रक्त समजून घाबरतो व गोळ्या फेकून देतो. औषधाचा उपद्रव केवळ शरीरापुरता नसतो, ही गोष्ट औषध देणाऱ्याने विसरता कामा नये.

डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही मर्यादा देशाने गाठली. त्यानंतरही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच आढळत आले आहेत. आणि एक गोष्ट ह्या आकड्यांत मुळीच येत नाही. औषधाचा क्रम पुरा झाला, म्हणजे रोग्याचे नाव नोंदवहीतून कमी होते. सरकारी हिशेबात तो बरा झाला. परंतु जंतू मेले म्हणून होरपळलेला तंतू पूर्ववत होत नाही. त्यातील काही धागे मेलेले, काही अर्धवट जिवंत. आणि असे धागे कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे निरोप धाडीत राहतात. जळजळ, मुंग्या, विजेसारखी चमक, थंड वाऱ्याची झुळूक लागताच उठणारी कळ, अशी ही वेदना असते. उपचार संपलेल्या १०१ रुग्णांची मुंबईत केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे एक पंचमांश लोकांना अशी वेदना असल्याचे आढळले. नव्या प्रतिक्रियेचा ठणका आणि ही जुनी वेदना ह्यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिलीवर प्रेडनिसोलोन हवे. दुसरीवर ते दिल्यास गुण थोडा, आणि अपाय मात्र पुरा.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या वेदनेवर नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यावर जी औषधे चालतात, ती मुळात दुसऱ्याच रोगांसाठी निघाली. मनाच्या औदासीन्यावर १९६१ च्या सुमारास आलेले ॲमिट्रिप्टिलिन, फेपऱ्याचे म्हणून निघालेले आणि चेहऱ्याच्या तंतुशूळावर १९६२ साली गुणकारी आढळलेले कार्बामाझेपिन, आणि फेपऱ्यासाठीच १९९३ साली अमेरिकेत मान्य झालेले गॅबापेंटिन ही त्यांपैकी प्रमुख होत. पहिल्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वृद्धांना लघवीला अडते आणि सकाळपर्यंत गुंगी राहते. दुसऱ्याने तोल जातो, आणि क्वचित त्वचेवर घातक पुरळ उठते. तिसऱ्याने भोवळ येते व पायांवर सूज चढते. ज्याची मूत्रपिंडे दुर्बल, त्याला ते कमी द्यावे लागते. अल्प मात्रेने, रात्रीच्या वेळी आरंभ करावयाचा, आठवड्या-आठवड्याने वाढवावयाचे, आणि मध्येच एकाएकी सोडावयाचे नाही, हा ह्या औषधांचा सामान्य नियम आहे. वेदना पूर्णपणे जाईल असे वचन कोणताही प्रामाणिक वैद्य देत नाही. ती निम्म्यावर आली आणि रात्रीची झोप मिळू लागली, तरी तो मोठाच लाभ होय.

औषधाने जेवढे साधत नाही, तेवढे राहणीच्या मांडणीने साधावे लागते. पाय रोज पाण्यात भिजवून, तेल लावून, डोळ्यांनी तपासावयाचे; गरम भांड्याला फडके, अवजाराला मऊ मूठ, पायात मऊ तळाची चप्पल; दुखरे कोपर टेकावयाचे नाही, थंडीत हात उबेत ठेवावयाचे. ह्या गोष्टी किरकोळ दिसतात, पण बधिरता व वेदना एकाच हातात नांदत असतात तेव्हा त्यांचाच आधार असतो. आनंदवनाच्या इतिहासात ह्याचा एक वेगळाच दाखला आहे. बाबा आमटे ह्यांना स्वतःला मणक्यांच्या विकाराने असे ग्रासले, की आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहावयाचे किंवा आडवे पडावयाचे, एवढेच शक्य होते. हे दुखणे गेले नाही. कामच त्याच्याभोवती नव्याने मांडले गेले. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेतील त्यांचा प्रवास वाहनात आडवे पडून झाला. २००८ साली त्यांचा अंत झाला, तोवर आडव्या देहाने ते उभे राहून करावयाची कामे करीत होते.

तुवरकाच्या तेलापासून गॅबापेंटिनपर्यंतच्या ह्या वाटचालीत एकही औषध असे आले नाही, की ज्याने केवळ दिले आणि काही घेतले नाही. त्यात खेद करण्याजोगे काही नाही. सुश्रुताच्या काळीही ते तसेच होते, आणि त्यासाठीच मात्रा व पथ्य ह्यांची योजना होती. खेदाची गोष्ट एवढीच, की औषध काय घेणार आहे हे रोग्याला आधी सांगण्याची रीत पुष्कळदा राहून गेली, आणि त्याचे दुखणे ऐकून घेण्यापूर्वीच त्याचे नाव वहीतून कमी झाले. आज मेहकर तालुक्यातील शेतकऱ्याला कुष्ठरोगाच्या औषधासाठी अमरावती वा वर्धा गाठण्याची गरज नाही. ते आरोग्य केंद्रातून मिळते. परंतु गोळी चालू असताना किंवा संपल्यानंतर कोपर ठणकू लागले, बटण लावताना बोट अडखळू लागले, चप्पल पायातून कधी निसटली ते कळेनासे झाले, तर गोळ्या स्वतःच्या मनाने न सोडता त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले पाहिजे, हे त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मज्जातंतू वाट पाहतो. पण फार दिवस पाहत नाही.